सुधारून सांगणारे मोमीनगुरुजी

मोमीनगुरुजींनी आयुष्यात एकही वाक्य जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं नाही, असं मी म्हटलं तर ते हरकत घेतील. तीन-चार सांगितली असतील, म्हणतील. ती का सांगितली याची कारणं देतील आणि ती कारणं आपल्याला पटतीलही. मी त्यांच्या बाजूला बसून तीन महिने कागद काळे केले. एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या कानापर्यंत जाताना वाटेत त्याचं काय काय होऊ शकतं, ते मी तिथं शिकलो. पुढे सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली, पण त्याहून उपयोगाचं शिक्षण काही मिळालं नाही.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. जुन्नरला मी विकासाच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. कोणत्या, ते सांगत नाही. तेव्हा विकासाच्या इतक्या कचेऱ्या निघाल्या होत्या की त्यातली एखादी माझी होती एवढं पुरे. कचेरीत एक साहेब, आम्ही चार कारकून, एक जीप आणि ती जीप ढकलायला दोन शिपाई असा संसार होता. आमच्या कामाचं स्वरूप असं, की वरून कागद आला की तो खाली पाठवायचा आणि खालून आला की वर.

एक दिवस वरून निराळाच कागद आला. डेन्मार्क नावाच्या देशातला शेतकी शाळेचा एक विद्यार्थी तीन महिने आमच्या भागातल्या शेतकरी कुटुंबात राहणार होता. सांस्कृतिक देवाणघेवाण. त्याच्या बदल्यात इथला एक जण वर्षभर तिकडे जाणार होता. माणूस तीस वर्षांच्या आतला असावा, स्वतः शेती करणारा असावा आणि त्याचं नाव पाहुण्यानं सुचवून आमच्या समितीनं मान्य करावं, एवढ्याच अटी होत्या.

येणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं याची काळजी कुणालाच नव्हती. जाणारा कोण, यावर मात्र आठ दिवसांत निम्मा तालुका बोलायला लागला. ज्यांनी जन्मात नांगर धरला नव्हता अशा पुष्कळांच्या अंगात शेतकरी संचारला. समितीचे अध्यक्ष रावसाहेब. त्यांचा पुतण्या प्रताप चार वर्षं पुण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्गात मुक्काम ठोकून होता. त्याचं नाव पंधरा दिवसांत सातबाऱ्यावर चढलं. एरवी शेतकऱ्याचं नाव चढायला जो काळ लागतो तो पाहता हा चमत्कारच होता. मी तो उतारा फायलीला लावला.

पाहुणा आला. त्याचं नाव येन्स. ताडमाड उंच, केस बाजरीच्या वाळल्या ताटासारखे, खांद्यावर एक पोतडी. साहेबांनी त्याचं इंग्रजीत स्वागत केलं. साहेबांचं इंग्रजी उत्तम होतं, पण ते कागदावर. येन्स उत्तरादाखल जे बोलला त्यातलं एक अक्षर साहेबांना लागलं नाही. त्याचं इंग्रजी घशातून निघे आणि निम्मं तिथंच राही. साहेब दर वाक्याला मान हलवून "क्वाइट, क्वाइट" म्हणत राहिले. मग मला आत बोलावून म्हणाले, "या मुलाचं इंग्रजी जरा अशुद्ध आहे. दुभाषा बघा."

अशा रीतीनं मोमीनगुरुजी आमच्या फायलीत आले.

गुरुजी गावातल्या एका शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत. बुटके, काळी टोपी, जाड काचांचा चष्मा. अंगात लष्करी लिलावातला कोट, आणि त्या कोटाचे खिसे एवढे मोठे की जगाचा नकाशासंग्रह दुमडून एका खिशात मावत असे. लढाईच्या दिवसांत ते पुण्याजवळच्या एका छावणीत कोठारावर कारकून होते. तिथं तऱ्हेतऱ्हेच्या गोऱ्या पलटणी येऊन गेल्या आणि प्रत्येक पलटणीचं इंग्रजी निराळं. गुरुजी म्हणत, "त्या दिवसांत एक गोष्ट समजली. इंग्रजी कुणालाच येत नाही. जो तो आपापलं बोलतो." येन्सचं पहिलं वाक्य त्यांनी कानामागे हात न धरता समजून घेतलं, तेव्हा साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यांना तीन महिन्यांसाठी शाळेकडून मागून घेतलं.

गुरुजींच्या भूगोलाच्या तासाची गावात थट्टा होई. ते देश शिकवत नसत, प्रवास शिकवत. मुंबईच्या धक्क्यावरून सगळा वर्ग बोटीत बसायचा. एडनला कोळसा घ्यायचा, सुवेझच्या कालव्यात बोट हळू चालायची म्हणून वर्गानंही हळू बोलायचं. एखाद्या पोरानं दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याला म्हणत, "तू पोर्ट सैदलाच राहिलास. आता कसा येणार?" जुन्नरची कितीतरी पोरं अशी युरोपात जाऊन मधल्या सुट्टीत परत आली. स्वतः गुरुजी पुण्यापलीकडे गेले नव्हते. त्यांच्या पत्नीला आम्ही भाभी म्हणत असू. त्या एकदा मला म्हणाल्या की यांना मंचरच्या बाजारातून बटाटे आणायला सांगितले तर विसरतात, पण लंडनहून पॅरिसला गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते विचारा.

डेन्मार्कबद्दल गुरुजींचं एक म्हणणं होतं. तिथं आगगाडी समुद्राकाठी येते, सबंधच्या सबंध बोटीत शिरते आणि उतारूंना न उतरवता पलीकडे जाते. ही गोष्ट मास्तरांच्या खोलीत दहा वर्षं विनोद म्हणून चालत आली होती. येन्स आल्यावर तिसऱ्याच दिवशी गुरुजी त्याला मास्तरांच्या खोलीत घेऊन गेले, सगळ्यांच्या देखत प्रश्न विचारला आणि येन्सनं दिलेलं उत्तर एकेक शब्द सुटा करून मराठीत सांगितलं. गाडी बोटीत शिरते. डबे रुळांवरच राहतात. तो स्वतः पुष्कळदा तसा गेला आहे. गुरुजी फार शांतपणे चहा प्यायले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्याच सुमारास ते एकदा कचेरीत माझ्या टेबलापाशी आले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "त्या अटीत वय थोडं जास्त असलं तर चालतं का हो?"

कुणाचं, म्हणून मी विचारलं. असंच, एका ओळखीच्याचं, ते म्हणाले. किती जास्त, म्हणून विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेरा वर्षं."

मी हसलो. तेही हसले आणि निघून गेले. त्या हसण्याची मला पुढे पुष्कळ वर्षं लाज वाटली.

येन्सचा मुक्काम हिवरवाडीला सखाराम भोरांच्या मळ्यात ठरला होता. सखाराम, त्यांची बायको भागाबाई, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा थोरला मुलगा नामदेव. हा नामदेव सातवी झालेला, गुरुजींचा जुना विद्यार्थी. मोट, बटाटा, कांदा, बैल या गोष्टींत त्याचा हात धरणारा आसपास नव्हता. बोलायचा मात्र कमी.

स्वागताचा समारंभ मळ्यातच झाला. साहेब पाऊण तास बोलले. वेदांपासून निघाले, शिवनेरीवर बराच वेळ थांबले, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून उतरले आणि पंचवार्षिक योजनेशी येऊन टेकले. मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी उठून येन्सच्या कानाशी इंग्रजीत एवढंच म्हणाले, "तुम्ही आल्याचा यांना आनंद आहे. जेवण लवकरच आहे. खुर्चीवर डावीकडे रेलू नका, तो पाय मोडका आहे." साहेबांना वाटलं, इंग्रजी ही फार आटोपशीर भाषा आहे.

येन्स उठला. दोन वाक्यं बोलला. आभारी आहे आणि मला गाईंचं काम येतं. त्याचं गुरुजींनी जे मराठी केलं ते दहा मिनिटं चाललं. त्यात पाहुण्यांनी लहानपणी शिवरायांची गोष्ट ऐकली होती, या मातीला लवून नमस्कार केला होता आणि हिवरवाडीसारखं पाणी आपल्या मुलखात नाही अशी कबुलीही दिली होती. गाव खूश झालं. परतताना मी गुरुजींना विचारलं की हे काय केलंत. ते म्हणाले, "शब्द पोचवायला पोस्टमन आहे. दुभाष्यानं माणूस पोचवावा."

खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासून झाली. येन्स शेतीत काम करायला आला होता. पण पाहुण्याला कामाला लावणं ही हिवरवाडीत कधी न ऐकलेली गोष्ट. सकाळी त्यानं फावडं उचललं की सखारामतात्या धावत येऊन ते काढून घेत. तो मोटेकडे गेला की कुणीतरी खुर्ची घेऊन मागोमाग जाई. आंब्याखाली खुर्ची, खुर्चीवर घोंगडी, घोंगडीवर येन्स आणि शेजारी दुधाचा तांब्या. आसपासच्या वाड्यांवरून माणसं त्याला बघायला येत, बसत, बघत आणि जात. आमच्या साहेबांनी वर अहवाल पाठवला की पाहुणे ग्रामीण जीवनाशी समरस होत आहेत.

बाराव्या दिवशी येन्सचा बांध फुटला. तो गुरुजींना काय म्हणाला ते मला तेव्हा अर्धवटच समजलं, नंतर गुरुजींनी सांगितलं. मला आजारी गाईसारखं बांधून ठेवलंय, मी कंटाळून मरायला टेकलोय, उद्या मला परत जायचं आहे, असं तो म्हणाला होता. सखारामतात्या, भागाबाई आणि नामदेव समोर उभे. पाहुणा रागावलाय एवढं त्यांना कळलं होतं आणि आपलं काय चुकलं या विचारानं त्यांचे चेहरे उतरले होते.

गुरुजींनी टोपी सारखी केली. त्यांच्या मराठीत येन्स असा बोलला : आमच्या मुलखात घरच्या माणसालाच तेवढं काम सांगतात, परक्याला खुर्ची देतात. बारा दिवस झाले तरी या घरानं मला काम सांगितलं नाही. मी तुम्हाला अजून परका वाटतो, याचं मला वाईट वाटतं.

भागाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नवऱ्यावर उखडल्या. "मी पयल्या दिशीच म्हनत व्हते, लेकरू तोंड पाडून बसतंय. तुमचा मानपान लई. आता उचला ती खुर्ची."

नामदेवनं मोटेचा नाडा येन्सच्या हातात दिला. पहिल्या खेपेला बैल उलटे फिरले आणि येन्स चिखलात बसला. गावात त्याचं नाव त्याच दिवशी येनूभाऊ झालं. त्यानंतर नामदेव आणि येनूभाऊ दिवसभर बरोबर असत. बटाट्याच्या सऱ्या काढणं, बेणं लावणं, पाणी धरणं. दोघांत एक भाषा नव्हती आणि दोघांनाही बोलायची हौस नव्हती. गुरुजी बांधावर बसून नकाशे चाळत, कारण सुधारायला वाक्यंच मिळत नसत.

याच काळात भागाबाईंनी जेवताना एकदा विचारलं की एवढ्या लांब पाठवताना तुझी आई काही बोलली नाही का. येन्स म्हणाला, आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी गुरुजींकडे पाहिलं. हे वाक्य ते कसं नीटनेटकं करतात याची मला उत्सुकता होती. त्यांनी ते तसंच सांगितलं. भागाबाई उठल्या आणि त्याच्या भाकरीवर आणखी लोणी वाढलं. "मंग हितं लाजायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी त्याचं इंग्रजी केलंच नाही. करायची गरजही नव्हती.

इकडे रावसाहेब स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी येन्सला वाड्यावर जेवायला बोलावलं. गुरुजी आणि मी बरोबर. प्रताप काळा चष्मा लावून पाहुण्याशेजारी बसला होता. त्यानं येन्सच्या घड्याळाची चौकशी चार वेळा केली. मग रावसाहेबांनी हसत हसत विचारलं की आमचा प्रताप पाहुण्यांना कसा वाटला. येन्स गुरुजींना म्हणाला की या गृहस्थांनी माझ्या घड्याळाचं सगळं विचारलं, माझ्या गाईंचं काही विचारलं नाही. गुरुजींनी मराठी केलं, "पाहुणे म्हणतात, प्रतापरावांची नजर थेट मौल्यवान वस्तूवर जाते." रावसाहेब समाधानानं मागे रेलले.

मग येन्सनं प्रतापला विचारलं की बटाटा किती खोल लावता. प्रताप म्हणाला, "ते गडी बघतात." हे वाक्य गुरुजींनी मात्र जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. घरी जाताना म्हणाले की काही वाक्यं अल्लाच्या कृपेनं मुळातच चांगली असतात, त्यांना हात लावू नये.

साहेबांनाही सांस्कृतिक बाजूची चिंता होती. म्हणून आमची जीप एकदा लेण्याद्रीला गेली. साहेबांनी पायऱ्यांवरच कलेचा इतिहास सुरू केला. येन्स वर पोचल्यावर खडकातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी वाकून बसला आणि विचारू लागला की एवढ्या उंचावर पाणी साठवायचं हे यांना कुणी शिकवलं आणि खाली शेतात असं का करत नाहीत. गुरुजींनी साहेबांना सांगितलं की पाहुणे थक्क झाले आहेत. ते खोटं नव्हतंच. अहवालात मी 'शिल्पकलेविषयी गाढ आस्था' असं लिहिलं.

आणि या सगळ्या दिवसांत, परतीच्या वाटेवर, मळ्यात, जीप ढकलताना, गुरुजी येन्सला त्याच्या देशाबद्दल विचारत राहत. कोणत्या बेटावर कोणतं धान्य, कोणत्या गावाला कोणती गाडी. कधीकधी येन्सला उत्तर येत नसे आणि गुरुजीच ते सांगत. एकदा त्याच्या गावाजवळच्या स्टेशनाच्या नावावरून दोघांचा वाद झाला, येन्सनं घरी पत्र लिहून विचारलं आणि गुरुजी बरोबर निघाले. येन्स त्यांच्याकडे तेव्हापासून निराळ्या नजरेनं बघायला लागला. गुरुजींना तिकडे जायचं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची जरूरही नव्हती, मला सोडून ते सगळ्यांना दिसत होतं.

माघात बटाटा निघाला आणि निरोपाचा समारंभ ठरला. जुन्नरला शाळेच्या पटांगणात मांडव घातला. बाजाराचा दिवस होता, हिवरवाडीहून गाड्या जुंपून माणसं आली होती. रावसाहेबांनी पुतण्यासाठी नवा फेटा बांधवला. पाहुण्यानं आपल्या तोंडूनच नाव जाहीर करावं, ही कल्पना साहेबांची. म्हणजे सगळं उघड, लोकशाहीला धरून. रावसाहेबांनी ती उचलून धरली होती, कारण जेवणाच्या दिवशीचं भाषांतर त्यांच्या कानात अजून गोड होतं.

येन्स उठला. एव्हाना त्याचं इंग्रजी माझ्या कानाला सरावाचं झालं होतं, त्यामुळे मला त्यातलं बहुतेक सगळं समजलं. तो म्हणाला, तुम्ही मला एक नाव विचारलंत. हा मुलूख मला एका माणसामुळे कळला. त्याला माझा देश माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि त्यानं तो पाहिलेला नाही, हे मला बरोबर वाटत नाही. मिस्टर मोमीन यांना पाठवा. त्यांचं वय अटीत बसत नाही. मी आमच्या लोकांना लिहिलं होतं. तुमच्या समितीनं एक ओळ लिहून मागणी केली, तर ते अट बाजूला ठेवायला तयार आहेत.

त्याच्या घशातून निघालेलं 'मोमीन' हे नावही बाकी कुणाला ओळखू आलं नाही. साहेब व्यासपीठावर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "क्वाइट, क्वाइट."

येन्स थांबला आणि गुरुजींकडे वळला. सगळा मांडव गुरुजींकडे बघू लागला. माझी लेखणी कागदावर टेकून राहिली. गुरुजींनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा लावला. रावसाहेबांकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. मग पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या भोरांच्या घराकडे बघितलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांची बोट मुंबईहून निघून पोचलीसुद्धा असेल.

"पाहुणे म्हणतात," गुरुजींनी सुरुवात केली, "हा मुलूख मला एका माणसामुळे कळला. त्याच्याबरोबर मी मोट हाकली, बटाटा लावला आणि काढला. त्याला माझ्या देशात पाठवा. त्याचं नाव नामदेव सखाराम भोर."

मांडवात जो गलका झाला तो मी विसरलो नाही. हिवरवाडीच्या माणसांनी टोप्या उडवल्या. रावसाहेबांनी साहेबांकडे असं पाहिलं की, हे काय ऐकतोय मी. पण साहेबांनी सबंध भाषणाला माना हलवल्या होत्या. आता आपल्याला निराळं ऐकू आलं असं म्हणायला मुळात काही ऐकू आलेलं असावं लागतं. त्यांनी एकदा रावसाहेबांकडे, एकदा मांडवाकडे पाहिलं आणि उभं राहून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. समितीची संमती ती तिथंच झाली.

येन्सला नावं कळत होती. 'नामदेव' ऐकून तो चमकला आणि गुरुजींकडे झुकला. गुरुजींनी त्याला इंग्रजीत हलक्या आवाजात सांगितलं की ती एक ओळ लिहायला या समितीला दोन वर्षं लागतील आणि तोवर घड्याळवाले गृहस्थ तुमच्या घरी राहून परत येतील. नामदेव चांगला शेतकरी आहे, तुमच्या वडिलांना आवडेल. आता टाळ्या वाजवा. येन्सनं टाळ्या वाजवल्या, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

इतिवृत्तात मी गुरुजी जे बोलले ते लिहिलं. खाली साहेबांची सही घेतली.

संध्याकाळी मी गुरुजींबरोबर बाजारपेठेतून चालत होतो. ते सायकल हातात धरून चालले होते. मी म्हटलं, मला सगळं समजलं होतं. तुम्ही आपलं नाव घ्यायला हवं होतं. प्रयत्न तरी झाला असता.

"झाला असता," ते म्हणाले. "माझा प्रयत्न झाला असता आणि प्रताप गेला असता." थोडं पुढे गेल्यावर सायकल थांबवून म्हणाले, "मला फार जायचं होतं हो. फार. तुम्हाला सांगून ठेवतो, कारण घरी सांगता येणार नाही."

आम्ही तसेच चौकापर्यंत गेलो.

पुढचे चार महिने गुरुजी रोज शाळा सुटल्यावर नामदेवला इंग्रजी शिकवायला हिवरवाडीला सायकल हाणत गेले. त्याला गाठोडं कसं बांधायचं, बोटीवर मळमळलं तर काय करायचं, कोणत्या बंदरात कोण फसवतं, हे सगळं न गेलेल्या माणसानं जाणाऱ्याला शिकवलं. नामदेव गेला. वर्षभरानं परत आला. अंगानं भरला होता आणि बोलायला शिकला होता.

त्याच्या सत्काराला शाळेचं सभागृह भरलं. आमचे साहेब होतेच. गुरुजी पहिल्या रांगेत. नामदेवनं तासभर सांगितलं. गाईंचं, दुधाच्या सहकारी डेअऱ्यांचं, बर्फात नांगर कसा थांबतो त्याचं. गुरुजी मधूनमधून मान हलवत, एखाद्या विद्यार्थ्यानं धडा बरोबर म्हटला की हलवावी तशी. शेवटी नामदेव म्हणाला :

"आता येक बोलतो आन बसतो. ही जागा माजी नव्हती. येनूभाऊनं गेल्या साली भर मांडवात गुरुजींचं नाव घेतलं व्हतं. त्यानं मला तिकडं गेल्यावर सांगितलं. गुरुजींनी आपलं नाव गाळलं आन माजं घातलं. वरीसभर मी त्यांच्या ताटात जेवलो."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. रावसाहेब दोन खुर्च्या सोडून बसले होते, ते हळूहळू मान वळवायला लागले.

गुरुजी उठले. टोपी सारखी केली, लोकांकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नामदेव म्हणतो, प्रवास सुखाचा झाला, तब्येत उत्तम राहिली आणि तो सगळ्यांचा आभारी आहे."

"क्वाइट," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच गुरुजी दाराकडे निघाले. मी त्यांच्या मागे होतो.

दारापाशी बायका बसल्या होत्या. त्यातून भागाबाई उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आमाला मराठी कळतंया."

गुरुजी काहीतरी बोलायला गेले. पण त्या एवढ्याशा वाक्याचं त्यांना काही करता आलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि भागाबाईंच्या समोर उघड्या डोक्यानं, चष्म्याआड रडत उभे राहिले.